चरणजित सिंग यांच्या रेकॉर्डी आणि 'पहिला' हा घातक शब्द

दिवाळीच्या सुट्टीत मी आमगावला घरी होते. मंडईचे दिवस. रात्री गावोगावी नाटकं, दिवसा पाहुणे. दुपारी जरा निवांत मिळाल्यावर मी माझ्या कामाची एक रेकॉर्ड स्पीकरवर लावली होती. माझा चुलतभाऊ धुमालमध्ये पॅड वाजवतो. तो दारात थांबला, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाला, "हा पॅड कोनाचा होय? आपल्या इकडच्या धुमालसारखाच वाजून राहिला."

मी त्याला सांगितलं, की ही मुंबईची, १९८२ सालची रेकॉर्ड आहे. त्यावर तो म्हणाला, "मंग आपल्या लोकायनं यायच्यावरूनच घेतलं असन."

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण घरबसल्या सापडलं. मुंबईचा एक वादक, त्याची एक विसरलेली रेकॉर्ड आणि तिच्यातून निघालेली वाट थेट गोंदिया-रायपूरच्या धुमालपर्यंत! मी लगेच वहीत दोन पानं लिहिली. तिसऱ्या पानावर अडकले, कारण लिहायला पुरावाच नव्हता. 'सारखं वाजतं' यापलीकडे माझ्याकडे काहीही नव्हतं.

ही रेकॉर्ड म्हणजे चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. गेल्या पंधराएक वर्षांत तिच्याबद्दल जगभर लिहून आलंय, आणि त्यातल्या बहुतेक लेखांचा सूर असा, की ॲसिड हाऊस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार शिकागोत जन्मला असं आपण समजत होतो, पण तो त्याआधी पाच वर्षं मुंबईत जन्मला होता. नीट बघा, माझ्या भावानं केलं तेच या लेखकांनी केलंय. त्याच्या कानाला धुमाल ओळखीचा, त्यांच्या कानाला ॲसिड हाऊस ओळखीचं. कानाला ओळखीचं वाटलं, की लगेच नातं जोडून टाकलं.

संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुमच्यापैकी काहींना संगीत, सिनेमा, लोककला असे विषय घ्यायचे असतील. 'एखाद्या वादकाची ध्वनिमुद्रणं हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का?' असं मला विचारलं जातं. होऊ शकतो. पण त्या ध्वनिमुद्रणांना नेमके कोणते प्रश्न विचारायचे हे आधी ठरवावं लागतं. ते कसं, हे चरणजित सिंग यांच्या उदाहरणावरून सांगते.

आधी कप्पे पाडा

चरणजित सिंग यांचा जन्म १९४० चा, मृत्यू जुलै २०१५ मध्ये मुंबईत. आयुष्यभराचा व्यवसाय म्हणजे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणं. गिटार, बेस गिटार, विजेवर चालणारी कळफलकाची वाद्यं, पुढे सिंथेसायझर. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी वाजवलं.

अशा माणसाच्या ध्वनिमुद्रणांची एकच लांबलचक यादी करायला बसलात तर तुमची फसगत होईल. कारण त्या यादीतली प्रत्येक नोंद वेगळ्या जातीची असते. मी तिचे तीन कप्पे केले. पहिल्यात, जिथे त्यांनी वाजवलं पण रेकॉर्डवर नाव नाही अशी गाणी. दुसऱ्यात, जिथे नाव आहे पण चाली दुसऱ्यांच्या आहेत अशा रेकॉर्डी. तिसऱ्यात, जिथे नावही त्यांचं आणि कल्पनाही त्यांची. या तिसऱ्या कप्प्यात ठळकपणे ही एकच एलपी येते, आणि जगाचं सगळं लक्ष त्या एकीवर. इतिहासाचं काम मात्र पहिल्या दोन कप्प्यांशिवाय होत नाही.

पहिला कप्पा : ऐकू येतं, पण नाव नाही

'हरे रामा हरे कृष्णा' हा १९७१ चा सिनेमा. त्यातलं 'दम मारो दम' तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. रेकॉर्डवर नावं कोणाची? आशा भोसले, राहुलदेव बर्मन, आनंद बक्षी. त्या गाण्यात मागे जो घुमणारा, जरा नशिला सूर धरून ठेवलाय, तो ट्रान्झिकॉर्ड या वाद्याचा. हे विजेवर चालणारं, दिसायला ॲकॉर्डियनसारखं वाद्य. ते चरणजित सिंग यांनी वाजवलं, हे आपल्याला कळतं ते त्या काळच्या वादकांच्या आठवणींतून. रेकॉर्ड त्याबद्दल गप्प आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कानपूरच्या हरमंदिरसिंह 'हमराज' यांनी तयार केलेला 'हिंदी फिल्म गीत कोश' हा आपल्या क्षेत्रातला आधारग्रंथ. कोणत्या साली कोणता सिनेमा, कोणतं गाणं, गायक कोण, गीतकार कोण, संगीतकार कोण, रेकॉर्ड क्रमांक काय, हे सगळं त्यात मिळतं. पण वादकांचा रकाना त्यात नाही. याचा दोष कोशकाराला देऊ नका. ज्या कागदांवरून आणि रेकॉर्डींवरून कोश बनतो, त्यांच्यावरच ती नावं छापलेली नव्हती. म्हणजे स्रोतातलं मौन कोशात उतरतं, आणि कोशातलं मौन आपल्या प्रबंधात. साखळी तिथेच तोडायची असते.

ती तोडण्याचा एक मार्ग ग्रेगरी बूथ यांनी दाखवला. त्यांचं 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक २००८ मध्ये आलं. मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्या वादकांशी प्रत्यक्ष बोलून त्यांनी त्या व्यवसायाचा इतिहास उभा केला : कोण कोणाला कामावर बोलवायचं, मेहनताना कसा मिळायचा, नवीन वाद्य कोण घेऊन यायचं. या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबा. स्टुडिओच्या दुनियेत नवं विजेचं वाद्य ज्याच्याकडे, त्याला काम जास्त. केर्सी लॉर्ड यांच्यासारखे वादक नवी यंत्रं आणायचे, शिकायचे आणि संगीतकारांना ऐकवून दाखवायचे. चरणजित सिंगही याच वातावरणात वाढले. तेव्हा १९८२ साली त्यांच्या हातात नव्यातली नवी यंत्रं दिसतात, याचं नवल वाटायचं कारण नाही. तो त्यांच्या पोटापाण्याचाच भाग होता.

आता मला सांगा, हा कप्पा न बघता थेट १९८२ ला उडी मारली तर काय दिसेल? एकटा बसून काळाच्या पुढचं संगीत करणारा एक अवलिया. आणि हा कप्पा बघून गेलात तर? धंद्यात मुरलेला एक कसबी वादक. दुसरं चित्र कमी चमकदार आहे, पण त्यात माणूस जास्त सापडतो.

दुसरा कप्पा : नाव आपलं, चाली दुसऱ्यांच्या

१९६० आणि ७० च्या दशकांत सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यांवर वाजवलेल्या रेकॉर्डी भरपूर निघायच्या. व्हॅन शिपले यांची इलेक्ट्रिक गिटार, सुनील गांगुली यांची हवाईयन गिटार, पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचं ॲकॉर्डियन. चरणजित सिंग यांच्याही अशा रेकॉर्डी निघाल्या. ज्यांच्या घरी जुना रेकॉर्ड प्लेअर होता त्यांना हा प्रकार माहीत असेल. लग्नघरात, हॉटेलात, दुकानात मागे लावून ठेवायचं संगीत.

अभ्यासक या रेकॉर्डींकडे फारसे वळत नाहीत. 'चाली तर उसन्या, मग त्यात काय बघायचं?' पण मला त्या फार महत्त्वाच्या वाटतात. गाण्याचे शब्द काढून घेतले, गायकाचा गळा काढून घेतला, की जे उरतं ते सगळं वादकाला भरून काढावं लागतं. ओळीच्या शेवटी श्वास कसा दाखवायचा, मुरकी कळफलकावर कशी आणायची, दोन ओळींमधली जागा कशानं भरायची. यंत्राकडून गळ्याचं काम कसं करून घ्यायचं याचा जणू रियाजच या रेकॉर्डींत चाललेला असतो. राग वाजवायची एलपी आली ती या रियाजानंतर.

तुमच्या विषयातही असा दुर्लक्षित, 'व्यावसायिक' म्हणून बाजूला टाकलेला कप्पा असणार. लेखकावर काम करत असाल तर त्याची पोटासाठी केलेली भाषांतरं. चित्रकारावर करत असाल तर त्यानं रंगवलेले पडदे नि पाट्या. तो कप्पा आधी उघडा.

तिसरा कप्पा : दहा राग आणि तीन यंत्रं

आता ती एलपी. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं, म्हणजे आपल्या बोलीत एचएमव्हीनं काढलेली. दहा राग, प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा. वापरलेली यंत्रं तीन, आणि तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेका देणारं यंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र.

या यंत्रांची थोडी ओळख हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ८०८ मध्ये ठेका सोळा घरांत लिहायचा असतो. कोणत्या घरात कोणता आवाज वाजणार हे बटणांनी सांगायचं, मग यंत्र तेच चक्र फिरवत राहतं. ३०३ मध्ये तसंच बेसच्या सुरांचं चक्र लिहायचं. एकट्यानं गिटारचा सराव करणाऱ्याला साथ मिळावी म्हणून ते बाजारात आणलं होतं. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, आणि एखाद्या सुराला जोर द्यायचीही. दोन्ही यंत्रं तारेनं जोडली की एका लयीत चालतात. या दोन चक्रांवर ज्युपिटरवरून हातानं राग वाजवायचा.

आता रागसंगीताच्या बाजूनं बघा. घसरत जाणारा सूर म्हणजे मींडेच्या जवळची गोष्ट. तंबोऱ्यासारखा धरलेला आधारस्वर यंत्राला सहज जमतो. पण मैफलीत लय विलंबितातून द्रुताकडे वाढत जाते. इथे ठेका सुरू झाला की तीच गती. म्हणजे रागाचं काही सांभाळलंय आणि काही सोडून दिलंय. काय सांभाळलं आणि काय सोडलं याची यादी करणं, हे 'किती आधुनिक!' म्हणण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

आणि हे असं करावंसं का वाटलं? पुढे मुलाखतींत त्यांनी दिलेलं कारण साधं आहे : तेव्हा सिनेमात जिकडेतिकडे डिस्को होतं, तर आपण त्याच ठेक्यावर काहीतरी वेगळं का करू नये? हे कारण त्या वेळच्या बाजाराशी पडताळून बघता येतं. १९८० मध्ये 'कुर्बानी', त्यात बिद्दू यांनी केलेलं नाझिया हसनचं 'आप जैसा कोई'. १९८१ मध्ये 'डिस्को दीवाने'. १९८२ च्या अखेरीस बप्पी लाहिरी यांचं संगीत असलेला 'डिस्को डान्सर'. या ओळीत ती एलपी ठेवली की तिचं नावच सगळं सांगतं. त्यात 'भविष्याचं संगीत' असा काही दावा नाही. 'डिस्को ठेक्यावर दहा राग' एवढाच आहे.

ती फारशी खपली नाही. काही भाग रेडिओवर वाजला, आणि मग विषय संपला.

साल कोणतं लिहायचं?

या एलपीचं साल कुठे १९८२ दिसतं, कुठे १९८३. सिनॉप्सिस लिहिताना मी एक साल धरून पुढे गेले आणि मार्गदर्शकांनी पहिल्याच वाचनात लाल खूण केली. त्यांचं म्हणणं असं, की रेकॉर्डला एक साल नसतं, निदान तीन असतात. वाजवलं कधी, आवरणावर वा लेबलवर कंपनीनं हक्काचं साल कोणतं छापलं, आणि दुकानात आली कधी. वर्षअखेरीला मुद्रण झालं तर ही तीन साल दोन वर्षांत सहज विभागली जातात. म्हणून आता मी 'लेबलवरचं साल', 'प्रकाशनाचं साल' असे वेगळे रकाने ठेवते. माहीत नसेल तो रकाना रिकामा. रिकामा रकाना बघून लाज वाटायची, आता वाटत नाही.

पुन्हा सापडणं हीसुद्धा एक घटना असते

२००२ मध्ये एडो बौमन या डच संग्राहकाला ही एलपी दिल्लीच्या एका दुकानात मिळाली. पुढे त्यांनी मुंबईत चरणजित सिंग यांना गाठलं आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलवर ती पुन्हा काढली. मग लेख आले, मुलाखती आल्या, सत्तरी ओलांडलेल्या या वादकाचे युरोपात कार्यक्रम झाले.

गंमत म्हणजे, २०१० मध्ये ऐकणाऱ्यांपैकी काहींना ही सरळसरळ बनवाबनवी वाटली. आजच्या एखाद्या संगीतकारानं जुन्या भारतीय रेकॉर्डीचं सोंग घेतलंय, असा संशय. इतिहासाच्या पद्धतिशास्त्रात आपण 'बहिरंग परीक्षण' आणि 'अंतरंग परीक्षण' पाठ करतो ना, ते इथे कामाला येतं. बहिरंग म्हणजे : मूळ एचएमव्हीची प्रत आहे का, लेबल कोणतं, आतल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला क्रमांक काय, वाजवणारा माणूस हयात आहे का. अंतरंग म्हणजे : वापरलेले आवाज त्या सालच्या यंत्रांतून निघू शकतात का. ३०३ बाजारात आलं १९८१-८२ च्या सुमारास. म्हणजे १९८२ शक्य आहे. तीच रेकॉर्ड १९७६ ची म्हणून कोणी दाखवली असती, तर ऐकता क्षणीच खोटी ठरली असती.

२०१० नंतरच्या मुलाखती वापरतानाही सावध राहा. घटनेनंतर जवळपास तीस वर्षांनी दिलेली साक्ष, आणि विचारणारा आलेलाच मुळी ॲसिड हाऊसचा प्रश्न घेऊन. उत्तर प्रश्नाच्या दिशेनं वाकतं. तरीही ते पुन्हा पुन्हा डिस्कोकडे आणि सिनेमाकडे वळतात, हे मला बोलकं वाटतं. मुलाखतकाराला हव्या असलेल्या उत्तराच्या विरुद्ध जाणारी साक्ष जास्त भरवशाची, हा जुना नियम इथेही लागू पडतो.

अजून एक. आज तुम्ही-आम्ही ऐकतो ती बहुतेक वेळा २०१० नंतरची, साफ केलेली आवृत्ती. मूळ तबकडी आणि नवी आवृत्ती हे दोन वेगळे स्रोत आहेत. कोणती ऐकली ते लिहा.

मग ॲसिड हाऊसचं काय?

शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड १९८७ ची. तीत तेच ३०३ आहे. रोलँडनं १९८४ पर्यंत त्याचं उत्पादन बंद केलं होतं. गिटारवाल्यांना काही ते आवडलं नाही. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं. शिकागोच्या त्या पोरांनी ते वाजत असताना त्याची बटणं फिरवत ठेवली आणि आवाज पिळवटून काढला. तो पिळवटलेला आवाज म्हणजेच ॲसिड हाऊस.

या पोरांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकली होती, असा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. मग उरतं काय? एकच यंत्र, दोन शहरं, दोन वेगळी कारणं. एकानं विकत आणलं ते धंद्याचं अवजार म्हणून, आणि त्यावर राग वाजवले. दुसऱ्यांनी घेतलं ते स्वस्त मिळालं म्हणून, आणि त्यावर नाचायचं संगीत केलं. साम्य यंत्राचं आहे, वंशाचं नाही. दोन गावांत एकाच भट्टीच्या विटांची घरं असली म्हणून ती घरं भाऊबंदांची होत नाहीत.

'पहिला' या शब्दाची दुसरी अडचण अशी की तो जागेवर राहत नाही. १९८२ ला 'भारतातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत' म्हणालात, तर १९५४ च्या 'नागिन'मधली बीन समोर येते. ती कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. 'सिनेमा सोडून' अशी अट घातलीत, तर अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था समोर येते. डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये तिथे मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९६९ ते १९७२ या काळात तिथे केलेल्या टेप संस्थेतच पडून राहिल्या. पॉल पर्गस यांच्या हाती त्या २०१७ मध्ये लागल्या आणि २०२३ मध्ये निवड प्रकाशित झाली. उद्या अजून कुठलं कपाट उघडेल आणि तुमचा 'पहिला' दुसरा होईल.

या दोन सापडण्यांची तुलना करून बघा. अहमदाबादच्या टेप संस्थेच्या संग्रहात होत्या, म्हणून सापडल्या. मुंबईची एलपी बाजारात गेली होती, म्हणून दुकानात सापडली. जे संस्थेतही नव्हतं आणि बाजारातही नीट गेलं नाही, ते कोणाला सापडणार? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे.

एक मोह, जो मी टाळला

एलपीवरचा क्रम असा : भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मग मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. तुम्हाला रागांची वेळ माहीत असेल तर लगेच लक्षात येईल. पहाटेचे भैरव-ललत, सकाळची तोडी, दुपारनंतरची मधुवंती, संध्याकाळचा यमन, रात्री कलावती, मध्यरात्रीचा मालकंस, आणि शेवटी बैरागी म्हणजे पुन्हा सकाळ. मेघमल्हार पावसाळ्याचा, त्याला कधीही माफ. दिवसाचं पूर्ण चक्र!

फक्त एक काटा : भूपाळी. हा राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, आणि इथे बसलाय सकाळच्या रागांत. मराठी माणसाला इथे भारी युक्ती सुचते : आपल्याकडे भूपाळी म्हणजे देवाला उठवायचं पहाटेचं गाणं, म्हणून तो सकाळी ठेवला! मीही हे लिहून मोकळी झाले होते. पण पंजाबी नावाच्या, मुंबईच्या सिनेमात वाढलेल्या वादकानं मराठी भूपाळ्यांचा विचार करून क्रम लावला, याला आधार काय? क्रम त्यांनीच लावला की कंपनीनं, तेही ठरलेलं नाही. शेवटी मी एवढंच ठेवलं : 'क्रम बहुतांशी प्रहरांनुसार आहे, एक अपवाद आहे.' न बसणारा तुकडा कोंबून बसवला की पूर्ण चित्र खोटं व्हायला लागतं.

आपल्या जिल्ह्यात याचं काय करायचं?

संशोधन समितीपुढे सिनॉप्सिस मांडताना मला विचारलं गेलं, 'हा मुंबईचा विषय, तुम्ही गोंदियात बसून कशाला करता?' तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आता देता येईल.

धुमालची गाडी डोळ्यांसमोर आणा. वर कीबोर्ड, बेंजो, पॅड, भले मोठे स्पीकर. गणपतीत, शारदेच्या विसर्जनात, लग्नात गाव नाचतं. झाडीपट्टीच्या नाटकात मंचापुढे वादक बसतात, तिथेही आता ऑक्टोपॅड. माझ्या भावाचा पॅड एसपीडी-२०, रोलँडचाच. म्हणजे त्याचा कान अगदीच चुकला नव्हता. वाट चरणजित सिंग यांच्यापासून निघत नसेल, पण एका जपानी कंपनीची यंत्रं आपापल्या ठेक्यासाठी वाकवणारे कारागीर मुंबईत होते तसे आमगाव-तिरोड्यातही आहेत. तुलना करायची तर ही करता येते, आणि तिला पुरावा मिळू शकतो : यंत्र कधी घेतलं, कोणाकडून, पावती आहे का, आवाज कोणी भरून दिले.

आणि इथेही तेच तीन कप्पे आहेत. धुमालचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. त्यांवर नाव असतं पार्टीचं. पॅड कोणी वाजवला, कीबोर्डवर कोण, हे कुठेच नाही. म्हणजे चरणजित सिंग यांचा पहिला कप्पा आज, आपल्या डोळ्यांदेखत, पुन्हा भरतोय. त्यांच्या बाबतीत निदान एक एलपी नावानिशी निघाली, ती एका माणसाला सापडली, तेव्हा वादक हयात होता. असा योग प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

तेव्हा कामाच्या चार गोष्टी. एक, ध्वनिमुद्रण ऐकताना आधी ऐकू येतं ते लिहा, कशासारखं वाटतं ते वेगळ्या पानावर. दोन, नाटकाचं हँडबिल, लग्नपत्रिका, बिल, जुनी पेन ड्राइव्ह काहीही मिळालं तर तारीख नि ठिकाण टाकून ठेवा. तीन, जुन्या नोंदी शोधताना 'गोंदिया जिल्हा' एवढंच शोधू नका. हा जिल्हा १ मे १९९९ ला झाला, त्याआधीचं सगळं 'भंडारा' या नावाखाली आहे. चार, सिनॉप्सिसमध्ये 'पहिला', 'जनक', 'आद्य' हे शब्द शोधून काढा आणि प्रत्येकापुढे पुरावा लिहून बघा. माझ्या कच्च्या खर्ड्यात असे अकरा शब्द होते. आता एकही नाही.

परवा भावाला विचारलं, "तू आतापर्यंत किती रेकॉर्डिंगमध्ये वाजवलं असशील?" म्हणाला, "गिनती कोन करते?" मग आम्ही दोघं त्याचा मोबाइल घेऊन बसलो. तारीख, गाव, प्रसंग, वाद्य, कोणते आवाज वापरले, सोबत कोण होतं. दोन तासांत सात नोंदी झाल्या. आठवीवर आमचं भांडण झालं, कारण साल त्याला एक आठवत होतं आणि फाइलवर दुसरं होतं.

दोन्ही लिहून ठेवली आहेत.